घरी सेट-नेक इलेक्ट्रिक गिटार बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे क्रमाने लावले आहेत. सगळी मापं मिलिमीटरमध्ये आहेत. उदाहरणासाठी एकच गिटार धरली आहे: ६२८.६५ मिमी (पावणेपंचवीस इंच) स्केल, म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत तारेची लांबी, २२ फ्रेट, सपाट बॉडी, दोन हंबकर (दुहेरी कॉइलचे) पिकअप आणि ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज (दोन खांबांवर उभा, उंची फिरवता येणारा).

१. सेट-नेक म्हणजे नेमकं काय? बोल्ट-ऑनपेक्षा तिचा आवाज खरंच चांगला असतो का?

बोल्ट-ऑन गिटारची नेक बॉडीला चार स्क्रूंनी आवळलेली असते, हवी तेव्हा काढता येते. सेट-नेकमध्ये नेकच्या टोकाला टेनन (खाचेत बसणारी चौकोनी जीभ) काढतात, तो बॉडीच्या खाचेत बसवतात आणि गोंदाने कायमचा जोडतात. १९५२ साली बाजारात आलेल्या गिब्सन लेस पॉलमुळे इलेक्ट्रिक गिटारमध्ये ही पद्धत सर्वपरिचित झाली.

केवळ आवाजासाठी या वाटेला जाऊ नका. आवाजावर पिकअप, त्यांची तारांपासूनची उंची, नट आणि ब्रिज यांचा परिणाम कितीतरी जास्त होतो. सेट-नेकचा खरा फायदा हाताला मिळतो: जोडाजवळचं लाकूड गोल घासता येतं आणि वरच्या फ्रेटपर्यंत अंगठा अडत नाही. तोटाही तितकाच ठळक आहे. बोल्ट-ऑनमध्ये कोन चुकला तर खाली पातळ पट्टी घालून भागतं, इथे ती सोय नाही. म्हणून प्रश्न ८ चं गणित कागदावर झाल्याशिवाय पटाशी हातात घेऊ नका.

२. कोणती हत्यारं लागतात? सुताराकडून किती काम करून घेता येईल?

तुमच्याकडे हवंच असं: ट्रिमर किंवा छोटा राउटर (६ मिमी आणि १२ मिमीचे सरळ बिट, शिवाय बेअरिंगचा एक टेम्प्लेट बिट), ६ आणि १२ मिमीच्या धारदार पटाश्या, रंधा, कानस, गुण्या, एक मीटरची स्टीलची सरळ पट्टी, डिजिटल व्हर्नियर आणि निदान सहा शिकंजे. ड्रिल स्टँड असेल तर ब्रिजची भोकं काटकोनात पडतात.

बॉडीच्या दोन फळ्या रंधा मशीनवर सपाट करणं, कडा सरळ करून जोडणं आणि बँडसॉवर आकार कापणं ही कामं फर्निचरच्या कारखान्यात खुशाल द्या. टेनन आणि खाच मात्र स्वतः करा. फर्निचरचं काम सुतात चालतं आणि एक सूत म्हणजे सव्वातीन मिमीच्या आसपास. दाराच्या चौकटीत अर्ध्या सुताचा फरक खपतो, नेकच्या जोडात त्याच्या दहाव्या भागानेही काम बिघडतं. कारखान्यात माप देतानासुद्धा कागदावर मिमीमध्येच लिहून द्या.

३. महोगनी आणि मेपल इथे मिळत नाही. वखारीतलं कोणतं लाकूड चालेल?

सागवान, तूण आणि शिसव या तिघांत काम भागतं.

बॉडीला तूण आमच्या मते सर्वांत चांगलं. ते महोगनीच्याच कुळातलं आहे, वजनाला हलकं आहे आणि वाद्यांशी त्याचं जुनं नातं आहे, मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांतही ते वापरतात. मात्र मऊ असल्यामुळे नखाचाही व्रण उठतो, त्यामुळे फिनिश नीट द्यावं लागतं.

सागवान सातपुड्याच्या पट्ट्यात सहज मिळतं आणि एकदा वाळलं की फार हलत नाही. नेकसाठी ते उत्तम आहे. बॉडीसाठी जड पडतं: ४५ मिमी जाडीची बॉडी तीन किलोच्या घरात जाते आणि पूर्ण गिटार साडेचार किलोच्या. जाडी ४० मिमीवर आणा किंवा आतून पोकळ कप्पे काढा. सागवानात तेल असतं, गोंद लावताना त्याची दखल घ्यावी लागते (प्रश्न १०). त्यातल्या सिलिकामुळे पात्यांची धारही लवकर जाते.

फ्रेटबोर्डाला शिसव. इथे पर्याय शोधूच नका, भारतीय शिसवीचे फ्रेटबोर्ड जगभरच्या गिटारींवर बसतात.

आंबा आणि बाभूळ यांबद्दल नेहमी विचारणा होते. आंबा बॉडीला चालतो, पण किडीचा माग आहे का ते पाहून घ्या. बाभूळ जड असते आणि पिळवटते, नेकला वापरू नका.

४. जुनं धाब्याचं घर पाडलंय. त्यातल्या सागवानी सरांची (छताच्या तुळयांची) गिटार होईल का?

होईल, आणि बाजारच्या नव्या मालापेक्षा चांगली होईल. अनेक दशकं छपराखाली राहिलेलं सागवान हलायचं तेवढं हलून झालेलं असतं. तीन गोष्टी तपासा. एक, खिळे: जोरदार लोहचुंबक प्रत्येक बाजूवर सावकाश फिरवा, कारण आत तुटलेला खिळा मशीनचं पातं फोडतो आणि माणसालाही लागतो. दोन, वाळवी: भिंतीत गाडलेली टोकं अर्धा हात कापून टाका आणि उरलेल्या भागावर टिचकी मारून ऐका. पोकळ भागाचा आवाज बद्द येतो. तीन, रेषा: नेकसाठी असा तुकडा निवडा ज्याच्या रेषा लांबीला समांतर जातात आणि टोकाकडून पाहिल्यावर उभ्या दिसतात. सराच्या मधोमध गाभा असेल तर तो भाग टाळा, तिथेच चीर पडते.

५. एका गिटारीला किती लाकूड घ्यायचं?

बॉडीला ४८० × १७५ × ४५ मिमीचे दोन तुकडे, नेकला ७५० × ८० × २५ मिमीची एक पट्टी आणि टाचेच्या (नेक बॉडीला मिळते तिथल्या जाड भागाच्या) ठोकळ्यासाठी १५० मिमीचा तुकडा, फ्रेटबोर्डाला ५०० × ६५ × ७ मिमी. रंध्याची आणि कापाची तूट धरून बॉडी-नेकला अर्धा घनफूट पुरतो. बिल जरूर घ्या. का, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

६. लाकूड किती वाळलेलं हवं? इथल्या उन्हाळ्यात काम करावं की पावसाळ्यात?

दोन्हींत नको. खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा ओलीचिंब असते. पावसाळ्यात जोडलेली गिटार मेमध्ये आकसते, मेमध्ये जोडलेली पावसात फुगते. ऑक्टोबरचा उकाडा सरल्यावर, दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जोडकाम उरका. दोन टोकांच्या मधला हाच काळ आहे.

लाकडातला ओलावा ८ ते १० टक्के हवा. ओलावामापक नसेल तर किराण्याच्या डिजिटल काट्यावर फळी दर आठवड्याला तोला आणि वजन फळीवरच लिहा. लागोपाठ तीन वेळा वजन जवळपास तेच आलं तर फळी खोलीच्या हवेशी जुळली असं समजा. तोवर फळ्यांमध्ये काड्या घालून त्या आडव्या रचा आणि टोकांना मेण किंवा रंग लावा, कारण टोकांकडून पाणी सर्वांत वेगाने उडतं.

एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही: कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा ओली असते. कूलरच्या झोतात ठेवलेली फळी एका बाजूने ओलावा धरते आणि दोन दिवसांत वाकते. गच्चीवरची पत्र्याची खोलीही नको. घराच्या आतली, सावलीची खोली घ्या आणि तिथे साधा आर्द्रतामापक टांगा. ४० ते ५० टक्के दिसत असेल तेव्हा जोडकाम करा.

७. नेक आणि फ्रेटबोर्ड कोणत्या क्रमाने करायचे?

आधी हेडस्टॉकचा (खुंट्या बसतात त्या टोकाचा) कोन. नेकची पट्टी १४ अंशांवर तिरकी कापून तुकडा उलटून चिकटवा. पट्टी २० मिमी जाड असेल तर तिरका काप ८० मिमी लांब येतो. अखंड लाकडातून कोरलेल्या हेडस्टॉकपेक्षा हा जोड मजबूत, कारण रेषा आडव्या तुटत नाहीत. मग टाचेचा ठोकळा चिकटवा. त्यानंतर ट्रस रॉडची (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या धातूच्या दांड्याची) खाच: दुहेरी काम करणारा ४६० मिमीचा रॉड साधारण ६ मिमी रुंद आणि ९.५ मिमी खोल खाच मागतो, पण हातात आलेला रॉड मोजल्याशिवाय राउटर चालवू नका. नेक फ्रेटबोर्डासह २२ मिमी जाड ठेवली आणि फ्रेटबोर्ड ६ मिमीचा असेल तर रॉडखाली ६.५ मिमी लाकूड उरतं. ५ मिमीच्या खाली कधी जाऊ नका, मागचा गोलावा घासताना रॉड उघडा पडतो.

फ्रेटच्या फटी नेहमी नटपासून मोजा. एका फ्रेटपासून पुढचा मोजत गेलात तर प्रत्येक मापाची बारीक चूक साठत जाते. उरलेली लांबी १७.८१७ ने भागली की पुढच्या फ्रेटचं अंतर मिळतं. पडताळ्यासाठी नटपासूनची काही अंतरं: पहिला ३५.२८, पाचवा १५७.७०, सातवा २०९.०८, बारावा ३१४.३३, बाविसावा ४५२.२४ मिमी. फट ०.६ मिमीपेक्षा रुंद झाली की फ्रेट धरत नाही आणि साध्या करवतीचा काप त्याहून बराच रुंद असतो. फ्रेटसाठीची खास करवत नसेल तर फटी पाडलेला शिसवी फ्रेटबोर्ड मागवा. त्यात कमीपणा काही नाही. फ्रेटची तार दोन मीटर घ्या.

८. नेकचा कोन किती ठेवायचा? कुणी तीन अंश सांगतं, कुणी पाच.

दुसऱ्याच्या गिटारचा कोन घेऊ नका. तो ब्रिजची उंची, फ्रेटबोर्डाची जाडी आणि बॉडी सपाट की फुगीर यांवर ठरतो. फुगीर बॉडीच्या लेस पॉलला चार-पाच अंश लागतात म्हणून सपाट बॉडीला तेवढाच दिला, तर ब्रिज स्क्रूंच्या टोकावर उभा राहतो.

आपल्या उदाहरणात नेक बॉडीला सोळाव्या फ्रेटवर मिळते. सोळावा फ्रेट नटपासून ३७९.२ मिमीवर, म्हणजे तिथून ब्रिजपर्यंत २४९.५ मिमी. जोडाच्या जागी फ्रेटबोर्डाचा तळ बॉडीला टेकतो. वर ६ मिमी फ्रेटबोर्ड आणि १.२ मिमी फ्रेट, एकूण ७.२. बाराव्या फ्रेटवर तार सरासरी १.७५ मिमी आणि नटपाशी अर्धा मिमी उंच हवी असेल, तर ब्रिजपाशी ती फ्रेटांच्या सरळ रेषेपासून ३ मिमी वर येते. ट्यून-ओ-मॅटिकचे सॅडल (ब्रिजवर तार टेकते ते तुकडे) बॉडीपासून १७ मिमीवर ठेवायचे ठरवू. तिथून खाली-वर दोन्हीकडे फिरवायला जागा राहते.

१७ वजा ३ वजा ७.२, उरले ६.८. भागिले २४९.५, म्हणजे ०.०२७. हा कोन दीड अंशाच्या किंचित वर आहे. दीड अंशच कापला तर सॅडल १६.७ मिमीवर येतील. हे छान आहे.

आता चुकीची किंमत पाहा. एक अंश चुकला की ब्रिजपाशी ४.४ मिमीचा फरक पडतो. अर्धा अंश चुकला तरी २.२, एवढ्यात ब्रिजची सगळी फिरण्याची जागा संपते. गिब्सनच्या अगदी सुरुवातीच्या लेस पॉलमध्ये कोन इतका कमी होता की तारा ब्रिजच्या दांड्याखालून न्याव्या लागत. पुढे कंपनीने कोन वाढवला.

कोन देण्याची सोपी रीत: खाचेच्या टेम्प्लेटखाली ३०० मिमी लांबीवर ७.९ मिमी चढणाऱ्या दोन पाचरी ठेवा, मग राउटर आपोआप दीड अंशावर चालतो. पाचरीचं जाड टोक ब्रिजच्या बाजूला, म्हणजे खाच नेकच्या बाजूला खोल होत जाते. उलटी ठेवलेली पाचर ही इथली नेहमीची चूक आहे. आधी रद्दी प्लायवर एक खाच काढून पाहा. फ्रेटबोर्ड बॉडीवर पुढे ७३ मिमी येतो आणि या कोनामुळे त्याच्या टोकाखाली १.९ मिमीची फट राहते. तिथे त्याच लाकडाची पातळ पाचर चिकटवा.

९. टेनन केवढा आणि किती घट्ट?

रुंदी ३८ मिमी, लांबी ६० मिमी. लांब टेनन हवा असेल तर ९५ मिमी करून नेक पिकअपच्या खाली न्या. ४५ मिमीच्या बॉडीत खाच २८ मिमी खोल ठेवली तर मागे १७ मिमी उरतात. राउटरने एका फेरीत ५ मिमीपेक्षा जास्त खोल जाऊ नका, सागवान जळून काळं पडतं.

टेनन अंगठ्याच्या दाबाने सरकून बसला पाहिजे. गोंदाशिवाय नेक धरून बॉडी उचलली तर ती सुटू नये. हातोडी लागत असेल तर फार घट्ट आहे: गोंद लावल्यावर लाकूड फुगतं, टेनन अर्ध्यातच अडकतो आणि गोंदाला आत जागाच उरत नाही. सैल झाला असेल तर बाजूला पातळ विनियर चिकटवून पुन्हा घासा. भुशात गोंद कालवून फट भरू नका. १०-४६ च्या (इंचाच्या हजारांशातली सर्वांत बारीक आणि जाड तार) तारा सुरात आल्या की हा जोड सुमारे ४४ किलोचा ताण सतत झेलतो.

तळाशी आणि दोन्ही बाजूंना लाकूड लाकडाला भिडतंय का ते पाहायला टेननवर पेन्सिल गिरवा, बसवा, काढा. जिथे ठसा उमटला तेवढंच तासा.

१०. गोंद कोणता? आणि ऐन जोडताना नेक तिरकी बसली तर?

टाइटबाँड ओरिजिनलसारखा पिवळा लाकडी गोंद घ्या. साधा पांढरा पीव्हीए गोंद सतत ताणाखाली हळूहळू सरकतो आणि आपल्याकडच्या उष्णतेत अधिकच. तेलकट सागवानाला इपॉक्सी भरवशाचा, पण त्याने जोडलेली नेक पुढे वाफेने सुटत नाही.

सागवान असेल तर जोडण्याच्या दहा मिनिटं आधी दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोनने पुसा आणि लगेच कामाला लागा. उशीर केला तर तेल पुन्हा वर येतं. नेलपॉलिश काढायचं द्रावण त्यासाठी चालत नाही, त्यात तेल मिसळलेलं असतं.

पिवळा गोंद २० अंशांच्या आसपास पाचेक मिनिटं उघडा राहतो. खोलीत ४० अंश असतील तर दोन मिनिटांतच साय धरतो. मार्चनंतर जोडायचंच असेल तर पहाटे जोडा. उलट, जानेवारीत धुळ्या-जळगावात रात्री पारा १० च्या खाली जातो. त्या थंडीत हाच गोंद खडूसारखा पांढरा सुकतो आणि धरत नाही. तेव्हा दुपार गाठा.

आधी गोंदाशिवाय पूर्ण तालीम करा. नटच्या मध्यापासून बॉडीच्या मध्यरेषेपर्यंत दोरा ताणा आणि सहाव्या व पहिल्या तारेची रेषा फ्रेटबोर्डाच्या कडांपासून सारखी दूर आहे का ते पाहा. शिकंज्यांची जागा पेन्सिलीने खुणवा, फ्रेटबोर्डावर ठेवायची पट्टी कॉर्क लावून तयार ठेवा. मग गोंद, टेननवर आणि खाचेत दोन्हीकडे, पातळ आणि सलग. दोन शिकंजे खाली दाबणारे. दोरा पुन्हा लावा. तिरकी दिसली तर पहिल्या मिनिटातच सरकवा, नंतर जबरदस्ती करू नका. वर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसा. शिकंजे निदान दोन तास ठेवा आणि जोडावर ताण चोवीस तास देऊ नका.

११. ब्रिजची भोकं कधी पाडायची?

नेक चिकटल्यानंतरच. आराखड्यातलं अंतर आणि प्रत्यक्ष अंतर यांत मिलिमीटर-दोन मिलिमीटर फरक पडतोच. नटपासून ६२८.६५ मिमीवर आडवी रेष मारा. पहिल्या तारेचं सॅडल जवळपास पूर्ण पुढे असताना या रेषेवर यावं, कारण सूर जुळवताना सॅडल मागेच न्यावं लागतं. सहाव्या तारेची बाजू तीन मिमी मागे. दोन खांबांमधलं अंतर साधारण ७४ मिमी, पण हातातला ब्रिज मोजा. टेलपीसच्या (ब्रिजमागे तारा अडकवायच्या दांडीच्या) एका खांबाच्या भोकात अर्थची वायर सोडायला विसरू नका (प्रश्न १३).

१२. नेक चिकटली आणि आता कळलं की कोन चुकलाय. सगळं वाया गेलं का?

नाही. कोन कमी पडला, म्हणजे ब्रिज तळाला टेकूनही तारा उंच राहतात, तर ब्रिजखाली बॉडीत दोन-तीन मिमीची खाच काढून ब्रिज आत बसवा. किंवा दांड्यासारखा रॅपअराउंड ब्रिज लावा, तो बुटका असतो. कोन जास्त झाला असेल तर उंच खांब मिळतात, पण २२ मिमीच्या वर सॅडल गेलं की ब्रिज पुढे झुकायला लागतो. तेव्हा ब्रिजखाली लाकडी पट्टी चिकटवणं बरं.

फरक याहून मोठा असेल तर फ्रेटबोर्ड गरम इस्त्रीने सोडवून खाली लांब पाचर घाला. वाफेने नेक सोडवणं हा शेवटचा उपाय. लांब टेननला वाफ नीट पोचत नाही आणि बॉडीचं लाकूड फाटू शकतं.

१३. पॉट, कपॅसिटर कोणते? तारांना हात लावला की घुमघुम थांबते, हे बरोबर आहे का?

हंबकरला ५०० किलोओहमचे लॉग पॉट (आवाज आणि टोन फिरवायच्या बटणांखालचे भाग) आणि टोनला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्यावर २२३ छापलेलं असतं. सोल्डरिंग गन ४० ते ६० वॉटची घ्या, २५ वॉटने पॉटची पाठ तापत नाही आणि सोल्डर नुसतं वर चिकटून राहतं.

हात लावल्यावर घुमघुम कमी होणं म्हणजे तारांची अर्थ जोडलेली आहे, ते बरोबरच. हात लावल्यावर वाढत असेल तर अर्थच्या जोडणीत कुठेतरी चूक आहे. मल्टिमीटर लावून ब्रिज आणि जॅकची बाहेरची पट्टी यांत शून्याजवळ ओहम येतात का पाहा. सगळं बरोबर असूनही आवाज येत असेल तर घराचं अर्थिंग तपासून घ्या. अर्थ नसलेल्या सॉकेटवर ॲम्प वापरणं जिवावरचं आहे, हा भाग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

१४. मेमध्ये फ्रेटची टोकं बोटांना टोचायला लागली. बनवताना काही चुकलं का?

बहुतेक वेळा नाही. कोरड्या हवेत ५५ मिमी रुंद फ्रेटबोर्ड पाव ते अर्धा मिमी आकसतो, धातू मात्र तेवढाच राहतो. बारीक कानशीने टोकं घासा, पण पावसाळा येण्याची वाट पाहून नव्हे, मेमध्येच. एकदा सर्वांत कोरड्या दिवसांत घासली की पुन्हा त्रास होत नाही. शिसवीला वर्षातून एक-दोनदा तेलाचा हलका हात द्या.

ऋतू पालटला की ट्रस रॉडही थोडा फिरवावा लागतो. एका वेळी अष्टमांश फेरा, मग दिवसभर थांबा. पार्क केलेल्या गाडीत मात्र गिटार कधीच ठेवू नका. आत ६० अंशांवर पारा गेला की गोंद मऊ होतो आणि तारांच्या ताणाने नेक पुढे येते.

फिनिशबद्दलही इथेच सांगतो: पावसात लॅकर मारू नका, पांढरं पडतं. सागवान किंवा शिसवीवर पॉलियुरेथेन थेट लावलं तर ते चिकटच राहू शकतं. आधी चपडीचा एक पातळ हात देऊन तेल बंद करा.

१५. शिसवीचा फ्रेटबोर्ड असलेली गिटार परदेशात विकता किंवा नेता येईल का?

२ जानेवारी २०१७ पासून शिसवीसह डॅल्बर्जिया वंशाची झाडं साइट्सच्या (संकटात असलेल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत; अपवाद ब्राझिलियन शिसवीचा, ती आधीपासूनच अधिक कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे. २६ नोव्हेंबर २०१९ पासून पूर्ण तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. म्हणून तयार गिटार आणि शिसवीची सुटी फळी यांना वेगवेगळे नियम लागतात: सुट्या लाकडाला परवाना लागतोच. कुरिअरला देण्याआधी निर्यातीचे चालू नियम विचारून घ्या आणि वखारीचं बिल जपून ठेवा. लाकूड रीतसर घेतल्याचा पुरावा तेच आहे. सातपुड्यातून कुणी बिनबिलाचा सागवानी ओंडका स्वस्तात देत असेल तर घेऊ नका: वाहतूक परवान्याशिवायचं सागवान वनखातं जप्त करतं.